टेरिकॉटचा निळा सदरा आणि यशोधराताई

यशोधराताईंची आणि माझी पहिली भेट केशोरीतल्या त्यांच्या कागदाच्या पडवीत झाली. दारूने गेलेल्या माणसांचे कपडे बायका तिथे घेऊन येत. ताई त्यांच्या चिंध्या धानाच्या तणसाबरोबर भिजवून, कुटून हातकागद करवून घेत. मी माझ्या धाकट्या भावाचा, विनोदचा, निळा सदरा नेला होता.

ताईंनी कापड चिमटीत धरून पाहिले आणि टेरिकॉटचा लगदा होत नाही, असे हळूच सांगितले. मी सदरा पिशवीत घालू लागले. तो द्यावा लागणार नाही म्हणून मला सुटल्यासारखे वाटले आणि लगेच त्या सुटकेचाच संशय आला. ताई म्हणाल्या, "नेता त न्या, बाई. ठेवता त सूत काढू."

मी ठेवला. चार-पाच जणी भोवती बसून धागा धागा उसवू लागल्या. विनोद कसा गात असे, किती सफाईने खोटे बोलत असे, ते मी सांगत गेले. कॉलरची शिवण सुटेना, तेव्हा शेजारची रमाबाई म्हणाली, "तुहा भाऊ मेल्यावर बी कोनाचं आयकून नाही राहिला." सगळ्या हसल्या. तो गेल्यानंतर मी प्रथमच हसले. ते धागे ताईंनी मला ओल्या कागदावर पसरायला लावले.

गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान हवे होते. ग्रामसभेत ताईंनी आमचे कागद दोरीवर टांगले. सरपंचांनी निवेदन मागितले. ताई म्हणाल्या, "वाचाले काही नाही, साहेब. हात लावून पाहा." ते एकेका कागदाला हात लावत शेवटपर्यंत गेले. पुढे मतदान झाले, बाटली आडवी झाली.

दुकान बंद झाल्याने माझे दुःख हलके झाले, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. विनोदसारखी चाल दिसली की आजही मी रस्त्यात थांबते. विसरा, असे ताई कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांचे हे ऋण मला सर्वांत मोठे वाटते.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. परवा त्यांनी विचारले, विनोदला जेवणात काय आवडायचे? त्याच्याविषयी नवे काही विचारणारे आता माझ्या घरातही कुणी उरलेले नाही. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे. त्यांनी विचारत राहावे आणि मला सांगता यावे.