गुलाबी चतुर आणि माझा अर्ज

लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर अर्जांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. त्यातल्याच एका अर्जाची ही हकीकत.

बनारसमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुंड आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं बाबा तिथे करवतात. कुंडात गाळ आणि गवत माजलं, तेव्हा गल्लीनं महापालिकेला अर्ज लिहायचं काम माझ्यावर टाकलं. "सगळा गाळ, सगळं गवत काढावं," असं मी ठासून लिहिलं. बाबांनी त्याची झेरॉक्स देवघरात ठेवली.

पुढे कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी कुंडावर उडणारा गुलाबी चतुर हा कीटक निवडला. लाल डोळे, जांभळट गुलाबी शेपूट. गवताच्या काडीवरून उडायचा आणि फिरून त्याच काडीवर यायचा. त्याची पिल्लं कुठे वाढतात, असं मॅडमनी विचारलं. मी वहीत शोधू लागलो. शेवटी त्यांनीच सांगितलं: पाण्यात, गाळात, गवताच्या मुळांशी.

धावत घरी आलो. कुंडावर पंप सुरू होता, अर्धं पाणी गेलं होतं.

"एक कोना छोड़ दीजिए," मी ठेकेदाराला म्हणालो.

"अरे भैया, दरखास्त तो आप ही की है!" सगळे मजूर हसले.

बाबांना सांगितलं. ते देवघराकडे बघत राहिले. "तुझाच अर्ज, आणि तूच खोडणार? गल्लीत काय तोंड दाखवशील?"

"चुकलं माझं, बाबा. पण एक कोपरा तरी राहायला हवा."



दुसऱ्या दिवशी नवा अर्ज घेऊन सकाळपासून महापालिकेच्या कार्यालयात बाकावर बसलो. साहेब मीटिंगमध्ये. दर तासाला कुंडातलं पाणी किती उतरलं असेल, याचा अंदाज करत होतो. तेवढ्यात बाबांचा फोन आला. श्राद्ध चालू असताना ते कधीच फोन करत नाहीत.

"साहेब भेटले?"

"नाही अजून."

"मग बस तिथेच. पिंपळाखालच्या कोपऱ्यात मी नाशिकच्या यजमानांना बसवलंय. ठेकेदाराला म्हटलं, पितरांचं तर्पण चाललंय, पाणी ओढू नकोस. यांच्यानंतर सोलापूरचे बसतील. तो म्हणतो, कागद आणा, एवढा कोपरा सोडतो. आणि ऐक, तुझं ते गुलाबी इथे दर्भाच्या काडीवर येऊन बसलंय, यजमान हात हलवेनात. पंप बंद आहे. पाणी अजून गुडघाभर आहे."