स्पीकरला नेसवलेलं लुगडं

अख्ख्या वऱ्हाडात स्पीकरला लुगडं नेसवणारी बाई एकच होऊन गेली, आणि ती माझी बायको होती. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं तेही हेच. उन्हाळ्याची दुपार होती, अमरावतीच्या राजापेठेतली सगळी धूळ आमच्याच घरात मुक्कामाला आली होती. तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि स्पीकरच्या कमरेएवढ्या उंच पेटीभोवती आम्ही दोघं म्हातारे प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरलो. "निरी नीट पडू द्या जी," ती म्हणाली, "लगनात तुमाले धोतर नीट नेसता आलं नाही, आता तरी शिका." मी म्हटलं, "अवं, स्पीकर आहे तो, नवरी नोहे." तर म्हणे, "धूळ बसली का स्पीकरचा कागद जड होते, कागद जड झाला का सूर जड होते. तुमाले काय समजते? तुमाले फक्त चहा पातळ झालेला समजते." मग लुगड्याचं टोक खोचून, पेटीवर थाप मारून ती म्हणाली, "जरा पडतो." पुढचं मी शेवटी सांगीन. आधी ती कशी होती ते सांगतो, कारण लोक अजूनही तिच्याबद्दल चुकीचं सांगतात आणि मला ते चालत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. रेडिओ दुरुस्त करायचे आणि लग्नाकार्याला माइक-लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, हा धंदा. बडनेऱ्याला रेल्वेतला एक गार्ड होता, त्याचा रेडिओ मी तीनदा सुधरून दिला. तो गाव सोडून निघाला तेव्हा मजुरीऐवजी त्यानं मला विजेवर वाजणारी गिटार दिली. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडाची कांडी फिरवत वाजवायची, अशी ती गिटार. कांडी गार्डानं कुठंतरी हरवली होती. मी ते लाकूड कोपऱ्यात टाकलं. तिसऱ्या दिवशी दुकानातून घरी आलो तर ही पलंगावर पाय पसरून बसलेली, गिटार मांडीवर, आणि हातात खलबत्त्यातला पितळी बत्ता. तारांवरून बत्ता असा सरकवत होती जशी पोळीवर तूप फिरवते. त्या दिवसापासून आमच्या घरातला खल एकटा पडला. आलं दगडानं ठेचायचं, वेलदोडा दातानं फोडायचा, पण बत्त्याला हात लावायचा नाही. शिकवायला कोणी नव्हतं. जात्यावरच्या ओव्या तेवढ्या तिला येत, त्याच तिनं तारांवर बसवल्या. गिटारीला आठ दिवस वेलदोड्याचा वास येत होता. शेजारणी विचारत, "काय वं, आता सैपाकही वाजवूनच करतं काय?" ती म्हणे, "तुमी भांडे आदळता, त्याच्यापेक्षा बरं वाजवतो."

कान मात्र तिचा असा होता की भीती वाटावी. पिठाच्या गिरणीत रांगेत उभी असताना ही गिरणीवाल्याला म्हणाली, "भाऊ, तुहा पट्टा उजवीकडून फाटून राहिला." तो म्हणाला, "काकू, तुमी दळण घ्या अन् घरी जा." ही डबा घेऊन चार पावलं मागं सरकली. पाच मिनिटांत पट्टा तुटून भिंतीवर बसला. गिरणीवाला त्यानंतर तिला कधी रांगेत उभी करायचा नाही. मी जोडलेल्या, आवाज मोठा करणाऱ्या मशीनीतली घरघर तर तिला स्वयंपाकघरातून ऐकू यायची. "तुमची मशीन पडसं झाल्यावानी करून राहिली," असं ती तिथून ओरडली की मी पुन्हा सगळं उघडून बसायचो. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कोणी वाजवत नाही तवा जो गप्प बसते, तो स्पीकर चांगला." हे माणसांनाही लागू आहे, असं ती माझ्याकडे बघून म्हणायची.

आमच्या गल्लीत दरवर्षी शारदादेवी बसायची. एका वर्षी मंडळाच्या सेक्रेटरीनं, खरं तर माझा माइक फुकटात मिळावा म्हणून, हिला वाजवायला बोलावलं. डोक्यावर पदर, पदर कमरेला खोचलेला, पुढ्यात बत्ता. मशीन मी जोडलेली, वीस वॅटची. स्पीकर मीच बसवलेला, जुन्या रेडिओग्रामचा, जेमतेम दहा वॅटचा. बायकोनं दोनदा सांगितलं होतं, हा पुरणार नाही. मी म्हटलं होतं, "आवाज तर निघते न?" पहिली ओवी ठीक गेली. दुसरीत तिनं जरा जोर लावला आणि स्पीकर फाटला. म्हणजे असा आवाज निघाला जसा कोणी टिनाच्या पत्र्यावर गोटे ओतते. मागून एक जण ओरडला, "अबे, टिनपत्र्याचं दुकान लागलं रे!" सगळा मांडव हसला. सेक्रेटरी पुढे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी आपण हार्मोनियमच ठेवू." ती उठली, गिटार बगलेत मारली आणि घरी आली. रडली नाही. बत्ता माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे पहा जी. पुढच्या शारदेले मी वाजवणार. तवा जर पुन्हा फाटला, तर हा बत्ता खलात जाईन अन् पुन्हा बाहेर निघणार नाही." ती बोलली की करायची. आणि चूक माझी होती.

म्हणून आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. जठारपेठेत एका माणसाकडे जुन्या-नव्या स्पीकरांचा ढीग असतो असं ऐकलं होतं. हिनं तिथं जे केलं ते त्या दुकानदारानं जन्मात पाहिलं नसेल. प्रत्येक स्पीकर उचलायचा, बाजारात मडकं पाहतात तसा अंगठ्यानं टिचकी मारून कानाशी धरायचा. मग दोन बोटांनी त्याचा कागद हळूच आत दाबायचा, आतलं तारेचं वेटोळं कुठं घासते काय ते ऐकायचं. आणि शेवटी नाक लावून हुंगायचं. दुकानदार मला म्हणाला, "भाऊ, वहिनी खरबूज घ्यायले आल्या काय?" ती एका चकचकीत स्पीकरचा वास घेऊन म्हणाली, "हा एकदा जळेल हाये." दुकानदार तापला, "बाई, मुंबईहून परवा आला. कोरा करकरीत!" ही म्हणाली, "करपलेल्या डाळीचा वास लपते काय? खोल." त्यानं चिडून खोलला. आतलं वेटोळं कोळशासारखं काळं. तो दुकानदार नंतर इतका नरम आला की त्यानं आम्हाला चहा पाजला आणि स्वतःच सांगितलं, "तुमच्या कामाचं माह्याकडं काही नाही. गावाबाहेर तंबूतला सिनेमावाला आपलं सामान मोडीत विकून राहिला. त्याच्याकडं पहा."

तंबूवाला सामान बांधत होता. पडद्यामागचे दोन स्पीकर धुळीत पालथे पडले होते, एकेक चाळीस वॅटचा, चुंबक पाट्याएवढं. हिनं टिचकी मारली, कागद दाबला, हुंगलं. "जळल्याचा वास नाही," ती मला म्हणाली, "नुसत्या बिडीचा आहे." तंबूवाल्यानं माझी मशीन किती वॅटची ते विचारलं आणि हसायला लागला. "बाई, हे हजार मानसाले ऐकवणारे स्पीकर. वीस वॅटच्या मशीनले हे लावणं म्हणजे हत्तीवर कोंबडी बसवणं झालं." खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. पण ती म्हणाली, "कोंबडी बसली तर हत्तीले घाम येते काय? नाही न? मंग मले हत्तीच पायजे. ज्याले ओझं वाटत नाही, त्याचाच आवाज साफ निघते." मी जन्मभर मशीनी जोडल्या, मोठमोठ्या लग्नांत भोंगे टांगले, पण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. तंबूवाल्याचं वीज तयार करणारं इंजिन बंद पडलं होतं. ते मी दुपारभर खपून चालू करून दिलं आणि त्या बदल्यात स्पीकर घेतले.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, हे ओझं टपावर टाका. ही दारातच आडवी झाली. "हे काय आहे तरी काय, बाई?" "माहा गळा हाये," ती म्हणाली. "तू आपला गळा टपावर ठेवतं काय?" गाडीतली माणसं हसली, कंडक्टरही हसला. चादरीत गुंडाळलेला एक स्पीकर तिच्या मांडीवर आणि एक माझ्या, असे आम्ही अमरावतीपर्यंत आलो. मूर्तिजापूरला एका म्हातारीनं विचारलं, लेकरू आजारी आहे काय. ही म्हणाली, "नाही वं माय, आता बरं झालं."

पुढच्या शारदेला माझ्या फुकट माइकपायी सेक्रेटरीनं हिला पुन्हा बसू दिलं, पण स्टेजमागे हार्मोनियमवाला बसवून ठेवला होता. मला ते दिसलं, तिलाही दिसलं. सागवानी पेटी मी स्वतः केली होती, तिच्यात दोन्ही स्पीकर. मी मशीन चालू केली. ती तशीच बसली, पदर खोचून. पहिली ओवी हळू. दुसरीत तिनं जोर लावला, जिथं मागच्या वर्षी फाटलं होतं तिथंच, मुद्दाम. मी डोळे मिटले. आवाज मोठा झाला आणि मोठा होऊनही नुसता पाण्यासारखा वाहत राहिला, एक काडी आडवी नाही. तार न् तार वेगळी ऐकू येत होती. मांडवाच्या शेवटाला जो टिनपत्र्यावाला होता तो उभा राहिला, पण ओरडला नाही. चार ओव्या झाल्यावर त्यानंच विचारलं, "काकू, अजून एक होऊ द्या न." हिनं नुसता बत्ता वर करून त्याला दाखवला. हार्मोनियमवाला चहा पिऊन घरी गेला. त्यानंतर जितक्या शारदा तिनं पाहिल्या, तितक्यांपुढे ती वाजवत गेली.

लोक म्हणत, बाई हट्टी आहे. होती. लोक म्हणत, नवऱ्याला कामाला लावते. लावायची. त्यांनी आपापल्या घरी एकदा तरी असा साफ आवाज ऐकला असता तर मी त्यांचं ऐकून घेतलं असतं.

तर ती दुपार. लुगडं नेसवून झालं, ती जरा पडली. दिवेलागणीला चहासाठी उठवायला गेलो, तर उठली नाही. डॉक्टर आला, मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्मशानात पोचवून घरी आलो. ओसरी माणसांनी भरलेली. शेजारणीची सून आमच्या चुलीवर सगळ्यांसाठी चहा टाकत होती आणि आलं ठेचायला तिनं गिटारीवरचा बत्ता उचलला होता. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. "आलं दगडानं ठेच," मी म्हटलं. पोरगी घाबरली. घाबरू दे. बत्ता पुसला आणि पुन्हा तारांवर ठेवला, जिथं ती ठेवायची तिथं. मग पेटीचं लुगडं सोडलं. एकट्यानं ते नीट सोडवतही नाही, पायात येतं. घडी जमेल तशी घातली आणि मशीन चालू केली. शेजारीण आली, हळूच म्हणाली, "भाऊजी, आज तरी बंद ठेवा. लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "म्हनू द्या."

लाल दिवा लागला. मशीन गरम झाली. मी पेटीसमोर खाली बसलो आणि तिच्या तोंडावरच्या कापडाला कान लावला, जसा ती लावायची. घरघर नाही, खरखर नाही. स्पीकर गप्प बसला होता.

दुपारपर्यंत मी मशीन चालूच ठेवली.