उस्मानबाबांच्या घरचं झाकण

सौदीतल्या दम्मामहून कामाची गाडी निघायची तेव्हा गुरुनाथच्या सामानात दोन गोष्टी हमखास असायच्या. एक, शालिनीने बांधून दिलेला दशम्यांचा डबा. आणि दुसरी, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला हातभर लांबीचा आरसा. आता तुम्ही म्हणाल, वाळवंटात जाणाऱ्या पुरुषमाणसाला आरसा हवा कशाला? शालिनीसुद्धा पहिल्यांदा हेच म्हणाली होती.

"अहो, माझ्या कपाटाचा आरसा काढून नेताय ते नेताय, निदान तडा न जाता परत आणा. तिकडे उंटांचा भांग पाडता की काय?"

"उंटांचं बरं असतं गं. केस आखूड. एका आरशात अख्खा कळप उरकतो."

आतल्या खोलीतून लेक ओरडायची. ज्ञानदा तिचं नाव, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये दहावीला. "बाबा, धिस इज सो ओल्ड-फॅशन्ड! ड्रोन वापरा ना!"

ड्रोन होता की. पण तो उडवायची परवानगी कागदांमधून बाहेर पडेपर्यंत सूर्य थोडाच थांबतो? आणि गुरुनाथचा भरवसा सूर्यावर.

त्याचं काम सांगायला सोपं आणि करायला अवघड. मोबाइलच्या टॉवरांना एकमेकांशी बोलावं लागतं. शहरात ते तारेतून बोलतात. पण जिथे मैलोन्‌मैल नुसती वाळू, तिथे तार कोण पुरणार? तिथे या टॉवरवरची तबकडी त्या टॉवरवरच्या तबकडीकडे तोंड करून बोलते. ते बोलणं उजेडासारखं सरळ जातं. वाटेत वाळूचा डोंगर आला की खलास! म्हणून टॉवर उभारायच्या आधी कुणीतरी जाऊन बघावं लागतं, की इथून ते दिसतं का. नकाशे असतात, पण वाळू काही नकाशाला विचारून चालत नाही. तर हे बघणारा माणूस म्हणजे गुरुनाथ. इथून आरशाने उन्हाचा कवडसा मारायचा, तिथे दुसऱ्याने दुर्बीण लावून बसायचं. चमकलं, तर वाट मोकळी.

हे कुठल्या कॉलेजात शिकला म्हणता? कॉलेजात नाहीच. गुरुनाथ सिन्नरकडचा. गावच्या शाळेत असताना त्याला एक फुटक्या आरशाचा तुकडा सापडला, आणि खिडकीतलं ऊन घेऊन तो कवडसा त्याने गुरुजींच्या टकलावर असा काही बसवला, की सगळा वर्ग गुदमरला. गुरुजींनी छडी दिलीच. पण माणूस रसिक. छडी देऊन झाल्यावर त्याला बाहेर पटांगणात नेलं, समोरच्या डोंगरावरचं देऊळ दाखवलं आणि म्हणाले, "टक्कल जवळ होतं रे. तिथं पोचव बघू." पोराने दोन बोटं पुढे धरली, बोटांच्या बेचक्यात देऊळ धरलं आणि उन्हाचा तुकडा बोटांवर खेळवत बसला. थोड्या वेळाने वरून घंटा वाजली. पुजाऱ्याला चमक दिसली होती! गुरुनाथच्या अंगावर तेव्हा जो काटा आला, तो मोठेपणी कधी पुरता गेलाच नाही. पुढे नाशिकला आयटीआय, मग विदर्भातल्या जंगलांमध्ये टॉवरांची कामं, मग इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आणि सौदी. बोटांचं बेचकं तेच राहिलं.

तर त्या वर्षी त्याची गाडी लागली रुब-अल-खालीच्या कडेला. हे वाळवंट एवढं ओकंबोकं, की नावातच 'रिकामा' आहे. तिथे तीसचाळीस घरांची एक वस्ती. पाण्याची एक उंच टाकी, एक मशीद, बकऱ्या, उंट आणि दारोदारी पिकअप गाड्या. प्रत्येकाच्या खिशात चांगला मोबाइल, आणि त्या मोबाइलवर सिग्नलची एक काडी नाही!

वस्तीतले वडीलधारे म्हणजे उस्मानबाबा. त्यांच्या बैठकीत गालिच्यावर गुरुनाथला बसवलं गेलं, वेलदोड्याची फिकट कॉफी आली, खजूर आले. त्यांचा मुलगा तल्हा, तिशीतला दणकट गडी, पेला रिकामा झाला की लगेच भरायचा. गुरुनाथचं अरबी मोडकंतोडकं, पण पोटापुरतं होतं.

संध्याकाळ झाली तशी तल्हाने एक टोपली उचलली. शेजारपाजारचे लोक आले आणि आपापले फोन तीत टाकून गेले.

"हे काय चाललंय?" गुरुनाथने विचारलं.

"टपाल," उस्मानबाबा हसून म्हणाले.

वस्तीच्या बाजूला वाळूची एक मोठी टेकडी होती. तिच्या अगदी शेंड्यावर गेलं की कुठूनतरी पुसटशी काडी यायची. बोलणं धड व्हायचं नाही, पण आवाजाचे निरोप यायचे आणि जायचे. तल्हा रोज धापा टाकत चढायचा, टोपली वर धरून उभा राहायचा, आणि फोन टुंगटुंग करायचे थांबले की उतरायचा. मग घराघरातून आवाज सुटायचे.

उस्मानबाबांची मुलगी हेसा दूर डोंगरात, खमीस मुशैतला दिलेली. पूर्वी ते स्वतः टेकडी चढायचे. आता गुडघ्यांनी साथ सोडली होती. तल्हा परतला तसा त्यांनी फोन कानाला लावला.

"यबा," वडिलांना हाक मारत हेसाचा आवाज म्हणाला, "परवा तुम्ही खोकत होता. आता बरं आहे का?"

उस्मानबाबांनी फोन तोंडाशी धरला, खाकरले आणि एका दमात उत्तर बोलून टाकलं. ते उत्तर उद्या संध्याकाळी टेकडीवर जाणार होतं.

"परवाचा खोकला," ते गुरुनाथला म्हणाले, "परवाच गेला. पण तिच्या घरी मी उद्यापर्यंत खोकतच राहणार."

मग हळूच म्हणाले, "मुहंदिस, उद्या तुमचा उजेड तिकडे दिसला नाही तर?"

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. गुरुनाथने खरं ते सांगितलं. मधे आणखी एक टॉवर लागेल, तो यंदाच्या कामात नाही. वस्ती पुढच्या टप्प्यात जाईल.

"पुढचा टप्पा कधी?"

गुरुनाथ खजूर चावत राहिला.

"हं," उस्मानबाबा म्हणाले. "त्या टप्प्यात हेसा असेल. मी असेन की नाही, ते तुमच्या नकाशात नसेल."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापल्यावर गुरुनाथ आरसा पाठीला बांधून टाकीवर चढला. टॉवर टाकीशेजारच्या घट्ट जमिनीवर व्हायचा होता. तिकडे पस्तीस किलोमीटरवर, हमरस्त्याजवळच्या जुन्या टॉवरवर मनीष दुर्बीण लावून बसला होता. हा पुण्याचा इंजिनिअर, स्वभावाने अवखळ. दोघांकडे एकेक सॅटेलाइट फोन.

गुरुनाथने बोटांचं बेचकं धरलं, कवडसा बोटांवर आणला आणि आरसा हळूहळू हलवला.

"दिसलं काका!" मनीष ओरडला. "अहो, दिसलं! ...थांबा. काका, किती आरसे घेऊन गेलाय तुम्ही?"

"एकच. का रे?"

"मग माझे डोळे गेले. इकडे दिवाळी दिसतेय!"

गुरुनाथने वळून पाहिलं, आणि त्याच्या हातातला आरसा पडता पडता राहिला.

टेकडीच्या कडेवर सगळी वस्ती उभी होती. 'उजेड दिसला तर फोन येणार' एवढंच कळलं होतं त्यांना, आणि एवढं पुरेसं होतं. कुणी गाडीचा आरसा उपटून आणला होता, कुणी भिंतीवरचा. बायकांनी काळ्या बुरख्यांमधून चकचकीत पराती बाहेर काढल्या होत्या. पोरांच्या हातात डब्यांची झाकणं. मशिदीतले मौलवीसुद्धा हात उंचावून उभे, हातात खिशातला एवढासा आरसा. पिवळ्या वाळूच्या त्या लांबलचक कडेवर उजेड नुसता सळसळत होता, जणू सूर्य फुटून खाली सांडला होता आणि ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला तो त्याने धरून ठेवला होता. असं काही गुरुनाथने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खाली तल्हा धावत आला. "दिसलं ना? झालं तर मग! लिहा, मुहंदिस!"

लिहायला काय जात होतं? पण तो उजेड टेकडीवरचा होता. टाकीवरचा नव्हे.

"मग टॉवर टेकडीवर ठोका!"

"तल्हा, ती टेकडी दरसाल सरकते. तिच्यावर टॉवर ठोकला तर पुढच्या वर्षी तो तुझ्या बकऱ्यांमध्ये आडवा पडेल."

मग टाकीच्या सावलीत बसलेल्या उस्मानबाबांकडे वळून गुरुनाथ म्हणाला, "उस्मानबाबा, मी आता 'दिसलं' लिहून दिलं तर टॉवर होईल. पण तो मुका होईल. रोज समोर उभा, आणि बोलणार नाही."

उस्मानबाबांनी मान हलवली. मग टेकडीकडे बघून हात खाली केला. एकेक आरसा मिटत गेला. बायकांनी पराती पुन्हा बुरख्याआड घेतल्या. सगळे टेकडी उतरून टाकीखाली येऊन उभे राहिले, परीक्षेच्या निकालाला जमतात तसे.

गुरुनाथने एकट्याने आरसा फिरवला. पुन्हा फिरवला.

"नाही काका," मनीष म्हणाला. त्याचाही आवाज उतरला होता. "मधली वाळू आड येते."

गुरुनाथ कठड्याला टेकला. टाकी व्हायच्या टॉवरपेक्षा बरीच बुटकी होती. टॉवरच्या उंचीवरून दिसलं असतंही! पण वर हवेत उभं राहून बेचकं कोण धरणार? काठीला आरसा बांधला तर वाऱ्याने डुलणार, कवडसा मैलभर इकडेतिकडे जाणार.

"काका, एक विचारू?" मनीष म्हणाला. "मघाच्या त्या दिवाळीत बाकी सगळे लुकलुकत होते. एक मात्र अजिबात हलत नव्हता. बारीक, पण सारखा. तो कोणाचा होता?"

गुरुनाथने खाली वाकून विचारलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. तल्हाने संकोचत पाठीमागचं काहीतरी पुढे काढलं. ते होतं घरातल्या मोठ्या पातेल्याचं झाकण. घरात कार्य निघालं की कब्सा, म्हणजे मटण घातलेला भात, ज्या पातेल्यात शिजतो, त्याचं! घुमटासारखं फुगलेलं, आईने घासून घासून चांदीसारखं केलेलं.

गुरुनाथने कपाळावर हात मारला. घुमट! घुमटाला नेम धरावा लागत नाही. तो कसाही डुलला तरी त्याचा कुठला ना कुठला भाग सूर्याला त्या टॉवरकडे पाठवतोच.

मग काय विचारता! विहिरीच्या कामातले लोखंडी पाइप आले, एकात एक पिळून लांब काठी झाली, शेंड्याला झाकण बांधलं, काठी टाकीच्या कठड्याला आवळली आणि टॉवरच्या उंचीइतकी वर नेली. वाऱ्याने ती वाकायला लागली, तशा चारी बाजूंनी दोऱ्या सोडल्या, आणि मघाशी ज्यांच्या हातात आरसे होते त्यांच्या हातात आता दोऱ्या आल्या. तल्हाच्या आईने वर बघून एवढंच म्हटलं, "पोचा आला तर बघा!"

झाकण वर हळूहळू डुलतंय. फोनमध्ये मनीषचा नुसता श्वास.

"काका..."

"बोल रे बाबा."

"आहे. वाळूच्या वर आहे. अहो, दिवसाढवळ्या चांदणी उगवावी तसं दिसतंय हो!"

गुरुनाथने खाली पाहिलं. अरबी सुचेना, हिंदी सुचेना. त्याने नुसता अंगठा वर केला. आणि डोंगरावरच्या देवळातली घंटा त्याला पुन्हा ऐकू आली. इथे अर्थात घंटा नव्हती, दोऱ्या सोडून नाचणारी माणसं होती. झाकण खाली आलं ते दणकन, आणि पोचा आलाच!

काही महिन्यांनी टॉवर उभा राहिला. तबकड्या लागल्या. सुरू करायच्या दिवशी गुरुनाथ मुद्दाम गेला. शालिनीने सोबत भाजणीच्या चकल्या दिल्या होत्या, झाकणाच्या मालकिणीसाठी.

बैठक भरलेली. उस्मानबाबांचा फोन मध्यभागी. त्यावर एकदम काड्याच काड्या उगवल्या. तल्हाने हेसाचा नंबर लावून फोन वडिलांच्या हातात दिला.

तिकडून "यबा?" आलं तसा उस्मानबाबांनी फोन तोंडासमोर धरला, खाकरले आणि सुरू झाले. सलाम, तब्येत, काळी उंटीण व्यायली ते, चकल्या आल्या ते, जावयाला सलाम, पोरांना पापे. सगळं एका दमात. आणि बोलून झाल्यावर त्यांनी फोन बंद केला.

"यबा!" तल्हाने डोकं धरलं. "ती होती! तिकडे होती ती!"

"मग? निरोप गेला ना?"

बैठक खो खो हसत सुटली. तेवढ्यात फोन वाजला. हेसाच. उस्मानबाबांनी तो या खेपेला कानाला लावला, अगदी जपून, अंडं धरावं तसा. काय बोलावं कळेना. निरोप तर संपला होता. शेवटी त्यांनी सुचेल ते विचारलं.

"काय करतेस?"

"कणीक मळतेय, यबा."

उस्मानबाबा थबकले. त्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावला.

"कधी?"

"म्हणजे काय, यबा? आत्ता! हात पिठाचे आहेत, धाकट्याने फोन धरलाय."

म्हाताऱ्याचा चेहरा गुरुनाथ बघत होता. वर्षानुवर्षं त्यांच्यापर्यंत आलं होतं ते सगळं कालचं. कालचा खोकला, कालचं हसू, कालचा ताप. त्यांनी हळूहळू मान वर केली, बैठकीतल्या एकेकाकडे पाहिलं आणि कुजबुजल्यासारखं म्हणाले,

"आत्ता मळतेय. ऐकलंत? आपण इथे बसलोय ना, आणि ती तिथे, आत्ता!"

आणि फोन कानाशी घट्ट दाबून ते कणकेचा आवाज ऐकत राहिले.