रिकाम्या तळहातावरचा तंबाखू

अभनपूरला छोट्या रेल्वेतून उतरून नानांनी समोरच्याच पानठेल्यावर विचारलं, "भैया, भीमाबाई कहाँ रहती है? मछलीवाली."

"कोन पारा के?" पानवाल्याने विचारलं.

पारा, म्हणजे मोहल्ला, नानांना माहीत नव्हता. आडनाव माहीत नव्हतं. नवरा आहे की नाही, मुलंबाळं किती, काहीच नाही. "माहेर भंडाऱ्याकडचं आहे, तंबाखू खाती है," एवढं त्यांनी घाईघाईत अर्ध्या मराठीत सांगून टाकलं. पानवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू गावातल्या तंबाखू खाणाऱ्या सगळ्या बाया त्याने मोजून दाखवाव्यात. जिचा डबा आपण चार महिने न्हाणीघरात लपवून ठेवला, तिची आपल्याला एवढीच ओळख, हे नानांना त्या ठेल्यापुढे उभं राहिल्यावर कळलं. डबा पिशवीत होता, धुतलेला; तो न्यायला ती तीन बुधवार आलीच नव्हती. तो तसाच घेऊन ते परतीच्या गाडीत बसले.

नानांचं रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. भोपाळहून आलेल्या बाबूलोकांना खोल्या हव्या होत्या, म्हणून पाऱ्यातल्या प्रत्येकाने परसात बांधकाम काढलं होतं. नानांच्या परसातलं सिमेंटचं टाकं तेवढं वाचलं, कारण पाडावं की ठेवावं हे नानांचं ठरेना. त्या टाक्यात त्यांच्या मुलाने, नीलेशने, रंगीत कोई माशांची चौदा पिल्लं सोडली. बोटाएवढी, लाल-पांढरी. मग जूनमध्ये सिलतऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो बायकामुलीसह पुण्याला गेला. निघताना नातीने, मंजिरीने, हाताची वीत ताणून दाखवली. "आजोबा, दिवाली तक इतनी बड़ी कर देना. और एक भी मरनी नहीं चाहिए."

नानांनी शब्द दिला. छत्तीस वर्षं ते सिंचाई खात्यात होते. अख्ख्या जिल्ह्यातल्या तलावांच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेल्या होत्या, त्यामुळे पाण्यातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता.

वाढत्या वयाच्या लेकरांना काय द्यायचं, यात त्यांना शंका नव्हती. पोळीचा चुरा, वर साजूक तूप. दोन वेळा, भरपूर. कठड्यावर बसून ते पंगतीत करावा तसा आग्रह करत. आठवड्याभरात पाण्यावर तुपाचा तवंग आला, पाणी पांढरं झालं आणि दोन पिल्लं उलटी तरंगू लागली. नानांनी उरलेल्या बारांना अशक्तपणा आला असेल म्हणून तूप वाढवलं.

"घ्या गं, लाजू नका," ते म्हणत होते, तेवढ्यात मागच्या गल्लीतून, कमरेएवढ्या भिंतीपलीकडून कोणीतरी हसलं.

"त्यायले लाज नसते नाना. पोट बी नसते."

डोक्यावर मासळीची टोपली, हिरवं लुगडं, पन्नाशीची बाई. आपल्याला नाना म्हणतात हे तिला कसं कळलं, ते विचारायचं राहूनच गेलं.

"पोट नसतं म्हणजे?"

"नुस्ती नळी हाय आतमंदी. एका डावात इतलं कोंबता काहून? पाणी सडून राहिलं. तूप कोन घालते मासोळीले? जावई हाय का ते?"

ही भीमाबाई. जातीची ढिवर, माहेरी तळ्यात मासोळीचे जिरे, म्हणजे बारीक पिल्लं, वाढवण्यात लहानपण गेलेलं. दर बुधवारी ती अभनपूरहून येई. तिने टोपली खाली ठेवली आणि तिथल्या तिथे नानांची शाळा घेतली. रोज थोडं पाणी काढायचं, ड्रममध्ये दिवसभर ठेवलेलं नळाचं पाणी घालायचं. खाणं दिवसातून चार वेळा, पण चिमूटचिमूट. आणि पिल्लं वाढायला हवी असतील तर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक झिंगी, शेंगदाण्याच्या पेंडीबरोबर कुटून.

"सुकट?" नानांनी घराकडे पाहिलं. आत बायको, शांताबाई होत्या आणि चातुर्मास लागला होता. त्या घरात चार महिने कांदासुद्धा येत नसे.

"मी कुटून आनून देईन. तुमी फक्त टाका."

"पण चिमूट म्हणजे किती?"

भीमाबाईने कमरेची डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतला, चुना लावला, अंगठ्याने मळला, थापटला आणि ओठाखाली ठेवला. "इतल्या वेळात सरते तितलंच. उरलं त जास्त झालं."

नाना तंबाखू खात नसत. पण दुसरं माप त्यांना सुचेना. त्या दिवसापासून ते चिमूटभर खाणं टाकत आणि टाक्याशी उभे राहून रिकामा तळहात अंगठ्याने मळत. मळून झालं की थापटतही. एकदा तर चुकून ओठाकडे हात गेला.

भीमाबाईने खाणं भरून दिलेला तिचा डबा च्यवनप्राशचा होता. नानांनी तो न्हाणीघरात बंबामागे ठेवला आणि आपल्या हुशारीवर खूश झाले.

पाणी निवळलं. बारा पिल्लं पावलांचा आवाज ऐकून कठड्याशी येऊ लागली. शेजारचे श्रीपादराव मात्र गच्चीवरून सगळं बघत.

"काय नाना, या वयात तंबाखू? अन् ती मासळीवाली बुधवारी मागच्या दारानं काहून येते?"

"पत्ता विचारते," नाना म्हणाले.

"तीन महिन्यांपासून? अजून सापडला नाही?"

नानांच्या जिभेवर खरं उत्तर होतं. ते तिथेच ठेवून त्यांनी ड्रममधलं पाणी टाक्यात ओतायला घेतलं. पुढच्या बुधवारी ते भीमाबाईला म्हणाले, "जरा हळू बोलत जा, बाई." तेव्हापासून ती डबा भरून भिंतीवर ठेवी आणि फक्त दोनदा टिचकी मारी.

दिवाळीला मंजिरी आली, ती चपला न काढता परसात धावली. मासे वीतभर झाले होते. एक तर तिच्या वितीपेक्षाही मोठा. तिने मोजले, बाराच भरले. नानांनी मान खाली घालून तुपाची कबुली दिली. ती थोडी रुसली, मग पुन्हा हात पाण्यात घातला. एक लाल मासा तिची बोटं चोखू लागला.

"आजोबा, सच बताओ, किसने सिखाया?"

फराळाला आलेले श्रीपादराव दारात उभे होते. शांताबाई ताट घेऊन मागे होत्या. आणि बुधवार असल्याने भिंतीपलीकडे टोपली थांबलेली होती, तिची कड नानांना दिसत होती.

"पुस्तकात वाचलं," नाना म्हणाले.

टोपली हलली आणि पुढे गेली. टिचकी वाजली नाही.

संध्याकाळी पणत्या लावताना शांताबाई सहज म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकाला सुकटीचा वास येतो हो. चार महिने बंबामागून उचलून पुसतेय मी."

मंजिरी पुण्याला गेली. पुढच्या बुधवारी नाना सकाळपासून भिंतीशी उभे होते. काय बोलायचं ते त्यांनी पाठ केलं होतं, दोन वाक्यं. भीमाबाई आली. टोपली उतरवली नाही. भिंतीपलीकडूनच टाक्यातले मासे पाहिले.

"नाना, पुस्तकात थंडीचं काय लिवलं हाय?"

नानांची दोन्ही वाक्यं गेली. "नाही... थंडीचं काही नाही."

"मंग आयका. पाणी गार पडलं का सुकट बंद. एकच डाव द्या, दुपारी, ऊन लागल्यावर. तब्बेत जड होते त्यायची."

"हव."

"डबा सरला का?"

"थोडं आहे अजून. पुढच्या बुधवारी देतो. धुऊन."

"हव. धुऊनच द्या."