वहिनींचं हिंदीतलं वर्ष

"होईल सगळं ठीक" असं कुणी म्हटलं की आमच्या शेजारच्या वहिनी विचारत, "कधी?" आता मी भोपाळच्याच नेहरू नगरात स्वतःच्या घरात राहतो, पण अंदाजपंचे आश्वासन द्यायला जीभ अजूनही धजत नाही.

राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरच्या कचेरीबरोबर आम्ही भोपाळला आलो. सरकारी क्वार्टरांत माझ्या आणि वहिनींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. त्यांचे यजमान अण्णा माझ्याच हिशेब शाखेत. वहिनींचं माहेर साताऱ्याकडचं. त्यांचा शशी साडेचार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळत नसे. वाट्या मात्र लहानमोठ्या क्रमाने ओळीत लावी आणि एखादी कुणी हलवली की रडून आकांत करी. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा आमच्यापाशी तो शब्द नव्हता.

सासूबाई म्हणत, अण्णासुद्धा पाच वर्षांचा होईतो मुकाच होता. "पण हाक मारली की बघत होते ना?" वहिनींनी एकदा हळूच विचारलं, तेव्हा त्यांनी विषय बदलला. कुणी ताईत सुचवला, कुणी नवस. वहिनी सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी आपलंच म्हणत, "एकदा दाखवून आणू."

डॉक्टरांपुढे अण्णांची बोबडी वळे, म्हणून टांग्यात मीही बसलो. डॉक्टरांनी शशीच्या पाठीमागे टाळी वाजवली. तो दचकला, म्हणजे कान शाबूत. मग घरात काय बोलता, असं विचारलं. घरात मराठी, बाहेर हिंदी, असं कळताच निदान झालं. दोन भाषांत मुलगा गोंधळला आहे, घरातही हिंदीच ठेवा.

वहिनींनी ते अक्षरशः पाळलं. त्यांची हिंदी म्हणजे, "शशी, बैठो, मैं वाढती हूँ." अण्णा म्हणत, "हे ऐकून पोरगं आणखी गप्प बसेल." त्यावर, "आप भी हिंदी में बोलिए, अहो!" दिल्लीला बदली झाली का, असं आम्ही चिडवायचो. त्याही हसत, पण शशीच्या कानावर मराठी पडू देत नसत. हळदीकुंकवाला जाणं त्यांनी बंद केलं. हिंदीतली अंगाई येत नव्हती, म्हणून त्याला निजवताना नुसतं गुणगुणत. त्या थंडीत सासूबाई गेल्या. शशीला "दादी भगवान के घर गईं" असं सांगून वहिनी आमच्याकडे आल्या आणि माझ्या पत्नीच्या गळ्यात पडून मराठीत रडल्या.

वर्ष सरत आलं तरी फरक दिसेना. मुंबईत अशी मुलं तपासणारे एक डॉक्टर आहेत, असं कळलं. अण्णा रजेचा अर्ज घेऊन बसले आणि तिथेच अडले. ताप नाही, दुखणं नाही. अर्जात आजाराचं नाव काय लिहायचं?

"नाव कळावं म्हणूनच तर जायचंय," वहिनी म्हणाल्या.

आजाराची जागा कोरी, म्हणून अर्ज नामंजूर होऊन परत आला. मग वहिनी शशीला घेऊन कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर गेल्या. शशी व्हरांड्यातल्या चपला ओळीत लावत बसला. साहेबांच्या बाईंनी त्याला हाक मारली, पुन्हा मारली, मग जवळ जाऊन मारली. त्याने मान वर केली नाही. बाई उठून आत साहेबांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी रजा मंजूर झाली.

मुंबईचे डॉक्टर सबंध सकाळ शशीजवळ जमिनीवर बसून होते. मुलगा बहिरा नाही, वेडा नाही, त्याच्या मनाची चालच निराळी आहे, शिकेल पण फार सावकाश, असं त्यांनी सांगितलं. कधी, ते सांगता येणार नाही, हेही सांगितलं. भाषेचा यात काही संबंध नव्हता. आईने आपल्याच भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावं.

ते परतले त्या संध्याकाळी मी दूध द्यायला गेलो. वळकटी अजून सुटली नव्हती. अण्णा दाराशी पाठमोरे उभे होते. वहिनींनी शशीला समोर बसवलं होतं आणि सरलेलं सगळं वर्ष त्या त्याला पहिल्यापासून मराठीत सांगत होत्या. अंगणात पपई कशी लागली, मोरीचा नळ कसा फुटला, बाबांची छत्री कशी हरवली. मग म्हणाल्या, "आणि शशी, आपली आजी गेली रे."

शशी खिडकीकडे बघत होता. वहिनी पुढचं सांगू लागल्या.