खांबेट्यांच्या गाडीचे ब्रेक

श्रीरंग खांबेटे ही गोष्ट चारचौघांत स्वतःच सांगतात. आपला मूर्खपणा आपणच आधी सांगून टाकला की दुसऱ्याला त्यात मीठमसाला घालायला वाव उरत नाही, एवढं शहाणपण त्यांना दिल्लीतल्या तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीने दिलं. बाकी फारसं काही दिलं नाही, असं तेच म्हणतात. सांगलीहून आले तेव्हा डोक्यावर केस होते आणि हिंदी येत नव्हती. आता हिंदी फर्डी आहे.

एका मंत्रालयात ते अवर सचिव. नोएडात फ्लॅट, बायको लतिका, लग्न होऊन गुरुग्रामला गेलेली एकुलती एक मुलगी उत्तरा आणि अकरा वर्षं जुनी पांढरी गाडी, असा त्यांचा आटोपशीर संसार. ऑफिसात त्यांच्याकडे सरकारी गाड्यांच्या देखभालीचं काम होतं. गाडीचे ब्रेक केव्हा दाखवायचे आणि केव्हा बदलायचे, याचं परिपत्रक खुद्द त्यांनीच लिहिलेलं. दाबल्यावर चिरचिर झाली, पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, गाडी एका अंगाला ओढायला लागली, स्टिअरिंग थरथरलं किंवा लाल दिवा लागला, तर गाडी आहे तिथे उभी करावी. हिंदीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत. एकूण एक ड्रायव्हरकडून वाचल्याची सही घेतलेली. लिहिणाऱ्याने स्वतः ते वाचावं, असा काही नियम सरकारात नाही.

त्या ड्रायव्हरांत मुरलीधर सगळ्यांत जुना. त्याने गाडीला नवे ब्रेक पॅड मागितले की खांबेटे फाइलवर शेरा मारत, ‘एवढ्या लवकर झिजण्याचे कारण स्पष्ट करावे.’ मुरलीधर बिचारा कारण लिहून आणी. मग खांबेटे दुसरा शेरा मारत. तिसऱ्या खेपेला पॅड मिळत. पण तोवर तो गाडी जागची हलवत नसे, त्याच्या साहेबांना मेट्रोने जावं लागलं तरी. खांबेट्यांना त्याचा हा आडमुठेपणा अजिबात आवडत नसे.

ऑक्टोबरात खांबेट्यांच्या स्वतःच्या गाडीने चिरचिर सुरू केली. सिग्नलला ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, कानात जाणारा आवाज यायचा. खांबेट्यांनी विचारपूर्वक निदान केलं, की ही दिल्लीची धूळ. दिल्लीत काहीही बिघडलं तरी धुळीवर ढकलता येतं, ही मोठी सोय आहे. त्यांनी पाइप लावून चाक धुतलं. दोन दिवस आवाज बंद झाला आणि त्या दोन दिवसांत त्यांनी सोसायटीतल्या तिघांना चाक कसं धुवायचं ते शिकवलं.

आवाज परत आला, तेव्हा शेजारी बसलेली लतिका म्हणाली, “अहो, हे काहीतरी वाजतंय.”

“वाजू दे. जुनी गाडी आहे, जरा बोलते.”

आणि त्यांनी रेडिओ मोठा केला. हे सांगताना ते स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतात. पुढच्या आठवड्यात पेडल खोल जायला लागलं, तेव्हा त्यांनी दोष नव्या बुटांच्या जाड तळव्याला दिला. गाडी डावीकडे ओढायला लागली, तर रस्त्यालाच उतार आहे म्हणाले. नोएडातले सगळे रस्ते एकाच बाजूला कसे उतरतील, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पडला, आणि त्यांनी तो प्रलंबित ठेवला.

एकदा खांबेटे ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असताना मुरलीधरने तो आवाज ऐकला. जवळ येऊन, मान वाकडी करून चाकाकडे बघत तो म्हणाला, “साहब, अभी चीं-चीं है. खर्र-खर्र होगी तो समझो पैड खतम, लोहा लोहे को खा रहा है. आज ही दिखा दो.”

“बिल्कुल दिखाएँगे,” खांबेटे म्हणाले. ज्याच्या प्रत्येक अर्जावर आपण तीन-तीन शेरे मारले, त्याचं पहिल्या फटक्यात ऐकायचं म्हणजे अवर सचिवपदाची शोभाच.

खरं कारण वेगळंच होतं. उत्तराला आठवा महिना लागणार होता आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी यायची होती. तिला आणायला बापाने जायचं, आपल्या गाडीतून, आपण चालवत, हे खांबेट्यांनी पाचव्या महिन्यापासून ठरवून ठेवलं होतं. जावई चिन्मय फोनवर म्हणाला होता, “बाबा, मी सोडतो ना, माझी गाडी मोठी आहे.” तेव्हापासून तर खांबेटे हट्टालाच पेटले. गॅरेजवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली असती, पार्ट नाही मिळाला तर चार. आणि तेवढ्यात तिला आणायचा ठरलेला रविवार निघून गेला असता, जावयाच्या मोठ्या गाडीतून. म्हणून त्यांनी ठरवलं, आधी उत्तरा, मग ब्रेक. बाप म्हणून मिरवण्याचा एवढा एकच दिवस उरला होता आणि तो त्यांना सोडवत नव्हता.

तो रविवार उजाडला. लतिकाने डिंकाचे लाडू डिकीत ठेवले आणि दोघं निघाली. रिंग रोडवर चिरचिर होती. धौला कुआँ ओलांडल्यावर ती अचानक थांबली. खांबेट्यांना वाटलं, गाडीलासुद्धा आजचा प्रसंग कळला. पुढच्याच सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला आणि खालून खर्र-खर्र असा आवाज आला, पायाला जाणवेल असा. स्टिअरिंग थरथरलं. पुढच्या टेंपोच्या मागे गाडी उभी राहिली, तेव्हा मधे वीतभर जागा होती.

मांडीवरची पर्स लतिकाने घट्ट धरली होती.

तिथून गुरुग्रामपर्यंत खांबेट्यांनी डाव्या कडेने, तिसऱ्या गियरच्या वर न जाता, हँडब्रेकवर हात ठेवून गाडी नेली. मागून सगळी राजधानी हॉर्न वाजवत होती. उत्तराच्या सोसायटीच्या उतारावर गाडी थांबता थांबेना. हँडब्रेक ओढूनही ती गार्डच्या प्लास्टिकच्या खुर्चीला जाऊन टेकली. खुर्ची आडवी झाली. गार्ड चहा घ्यायला उठला होता, म्हणून निभावलं.

इथवरची गोष्ट ते रंगवून सांगतात. खुर्चीपाशी लोक हसतात आणि तेही हसतात. पुढचं ते सांगत नाहीत.

पुढे असं झालं, की उत्तरा लिफ्टमधून खाली आली. चिन्मय मागून बॅगा घेऊन येत होता. ती हळूहळू चालत आली, मागचं दार उघडून आत बसली आणि उशी पाठीशी घेत म्हणाली, “चिन्मयला मी सांगितलं, बाबांच्या गाडीत मला मस्त झोप लागते. लहानपणापासून. चलो, निघा.”

तिने डोळेसुद्धा मिटले. खांबेट्यांचा हात चावीवर होता. सावकाश नेली तर जाईलही, असं त्यांच्या मनात आलं. आलं, हे ते स्वतःपासून कधी लपवू शकले नाहीत. आरशात त्यांना तिचा हात दिसला, पोटावर ठेवलेला.

“उतर,” ते म्हणाले.

“काय झालं, बाबा?”

“ब्रेक गेलेत. आज नाही, तीन आठवडे झाले. मला माहीत होतं. तुला मीच न्यायचं होतं म्हणून दाखवले नाहीत. उतर बाळा, चिन्मयच्या गाडीतून जाऊ या.”

एवढं बोलून त्यांना हलकं वाटलं. चूक झाली, पण वेळेवर तोंड उघडलं. मुलीला धोक्यात घातलं नाही. कुठेतरी, अगदी थोडी, शाबासकीही त्यांनी स्वतःला देऊन टाकली.

उत्तरा उतरली नाही. ती पुढे वाकली आणि पुढच्या सीटकडे बघत राहिली.

“मग आईला कसं आणलंत यातून?”

खरं उत्तर असं होतं, की लतिकाचा विचारच खांबेट्यांच्या डोक्यात आला नव्हता. तीन आठवडे भाजी आणायला, डॉक्टरकडे, मंडळाच्या कार्यक्रमाला ती याच सीटवर बसून आली होती. टेंपोच्या मागे गाडी वीतभरावर थांबली, तेव्हाही ती तिथेच होती. आणि त्यांच्या मनात त्या वेळी फक्त एवढंच आलं होतं, की नशीब, उत्तरा गाडीत नाही.

लतिकाने सीटबेल्ट काढला. ती उतरली, मागे जाऊन तिने डिकीतून लाडवांचा डबा काढला आणि चिन्मयच्या हातात दिला. मग खिडकीशी आली.

“मी एकदा सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “तुम्ही रेडिओ मोठा केलात. मला वाटलं, तुम्ही बघितलं असेल.”