आसूढाळ घोडी

आमच्यात मेंढरं गड्याची आणि घोडी बाईची. हे कुणी शिकवत नाही, असतंच तसं. गडी कळप घेऊन रानानं पुढं जातात आणि आम्ही बाया सडकेनं घोड्या धरून चालतो. घोडीवर सगळा संसार असतो: भांडी, वाकळा, पीठ, मेंढरं कोंडायची जाळी, नुकती जन्मलेली कोकरं, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर अजून लांब चालता न येणारं लेकरू. घोडी बुजली की पहिलं खाली येतं ते लेकरू. म्हणून घोडी बघावी बाईनं. पण बाजारात तिचा सौदा करणार गडी, आणि सगळी मेख तिथंच आहे.

माझा मालक मागच्या पावसाळ्यात गेला. रानात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सुद्धा पोचला नाही. महिनाभरानं आमची घोडी पोटात कळ येऊन लोळली नि तीही गेली. शेंद्र्याच्या शिवारात आमची घरं आहेत, पण चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती उठल्या, चरायला रान उरलं नाही. दिवाळी झाली की कन्नडचा घाट उतरून खानदेशात जायचं आणि वेचून झालेली कापसाची रानं धरायची, तर मेंढरं जगतात. सगळी बिऱ्हाडं मिळून आमचा वाडा निघतो. ज्याची घोडी त्याचं बिऱ्हाड. माझ्याकडं घोडी नव्हती.

थोरले दीर तसे वाईट माणूस नव्हेत. भाऊ गेल्यावर माझं दाणापाणी त्यांनीच बघितलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की माझी मेंढरं त्यांच्या कळपात घालायची आणि मी पोरीला घेऊन मागं राहायचं, कंपनीत झाडायला जायचं. तेही मला सरळ सांगणार नाहीत. आमच्यात थोरला दीर भावजयीशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. तो सासूला सांगतो आणि मी तिथंच उभी राहून ऐकते. "माय, तिला सांग, दिवाळीपस्तोर घोडी भेटली तर बरंच हाय. नाय भेटली तर आमी हाय की." मेंढरं एकदा मिसळली की परत वेगळी निघत नसतात. मालक गेला, मेंढरं दिराच्या कळपात गेली आणि बाई जन्मभर कुणाच्या तरी चुलीपुढं बसली, अशा बाया मी आमच्याच भावकीत बघितल्यात. पैसे माझ्याजवळ होते, मेंढे विकून बाजूला ठेवले होते. अडलं होतं ते घोडीवाचून.

पहिल्यांदा आम्ही लासूर स्टेशनच्या जनावरांच्या बाजारात गेलो. दीर पुढं, मी चार पावलं मागं, डोक्यावर पदर. घोड्यांच्या ओळीत मी एकटीच बाई. गडी दात बघत होते, अंगावरचे केसांचे भोवरे बघत होते, कानाची टोकं जुळतात का बघत होते, जशी काय सोयरीकच जमवायची होती. मी पिशवीतनं पातेलं आणि पळी नेली होती. घोडीच्या कानामागं जायचं आणि धाडकन वाजवायचं. लोक हसले. हसू देत, मेले. चालताना दिवसभर भांडी तिच्याच अंगावर वाजणार, त्यांच्या नाही.

तीन घोड्यांनी दावं तोडायचंच बाकी ठेवलं. चौथी तांबडी होती. पातेलं वाजलं तसा तिनं नुसता कान फिरवला. पदर फडकवला, हलली नाही. मी वाकून तिच्या पोटाखालनं पलीकडं गेले, तरी पाय उचलला नाही. माझा जीव सुपाएवढा झाला. मी दिरांना ऐकू जाईल असं म्हटलं, हीच.

व्यापाऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. त्याचा हात आणि दिरांचा हात रुमालाखाली गेला. भाव असा ठरतो. बोटं दाबायची, तोंडानं बोलायचं नाही, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. बाईनं परक्या गड्याच्या हातात हात द्यायचा नसतो, म्हणून मी तिसरी. घोडी माझी, पैसे माझ्या कमरेला, आणि मी आपली रुमालाकडं टक लावून उभी. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. व्यापारी दोनदा हसला. मग दिरांनी एकदम हात काढून घेतला आणि घोडीकडं बघत म्हणाले, "नाय जमत."

किती मागितलं, किती दिलं, विचारायची सोय नव्हती. रुमालाखालचं बाहेर सांगत नसतात. माझ्या डोळ्यांदेखत वैजापूरकडच्या एका मेंढक्यानं तीच घोडी सोडून नेली, आणि तोही काही फार तालेवार दिसत नव्हता. परत येताना टेम्पोत मी दिरांच्या बोटांकडं बघत होते. त्यांनी खरंच होईल तेवढं केलं, का मुद्दाम मोडलं? ते मला आजही ठाऊक नाही, आणि तेव्हा तर त्या विचारानं अंगाचा नुसता जाळ झाला होता.

दुसरी घोडी शहरात, छावणीत. वरातीची घोडी विकायची आहे असं कळलं, दीर म्हणे मला वेळ नाही, मग मीच गेले. घोडी कोकराला बुजते का बघायला काखेत कोकरू, कडेवर पोर. रिक्षावाला म्हणला, मावशी, कोकराची सीट वेगळी लागंल. घोडी पांढरीशुभ्र, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी देखणी. गाड्यांना भीत नव्हती, माणसांना भीत नव्हती. मला वाटलं, देव पावला. मग मी पातेलं वाजवलं आणि ती बया नाचायलाच लागली. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीनं वर, मान डोलवत, थांबता थांबेना. बँड वाजला की नाचायचं, एवढंच तिला आयुष्यभर शिकवलेलं. माझी पोर टाळ्या पिटायला लागली. मला हसावं का रडावं कळेना. पळी-पातेली वाजवत घाट उतरायचा आणि वर ही नाचणार.

घरी आले तर बघते, मेंढरांना एकच जाळी लावलेली. आमच्या मेंढरांच्या पाठीवर तांबड्या रंगाचा ठिपका, दिरांच्या निळ्या. दरवर्षी दोन जाळ्या शेजारी शेजारी लागायच्या. आता तांबडी नि निळी एकात एक बसून रवंथ करत होती. आत्याबाई, माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. मी विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, दोन जाळ्या कशाला म्हणला तो, आता निघायचंच हाय. आत्याबाई तोंडाच्या लई तिखट, पण थोरल्याच्या घरात जेवतात, त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत. मलाच म्हणाल्या, ऱ्हा की इथं, पोरीला शाळा भेटंल. राग दिराचा आला, सासूचा आला, आणि सगळ्यात जास्त गेलेल्या माणसाचा आला. असा कसा सोडून गेलास रे बाबा, निदान घोडी तरी ठेवायची होतीस.

बांगड्या भरणाऱ्या कासारणीनं मला दौलताबादचं सांगितलं. किल्ल्याच्या पायथ्याला एक म्हातारा चाचा पर्यटकांना घोडीवर बसवून फिरवतो, त्याचे गुडघे गेलेत, तो घोडी विकायला काढतोय. मी घरी सांगितलं, पोरीला दवाखान्यात नेते, आणि बस धरली. पोहोचले तर तिथं शाळेची सहल उतरलेली. पोरांचा कालवा, बसचे हॉर्न, पेरू विकणारे, आणि त्या सगळ्यांत एक करडी, बुटकी घोडी डोळे मिटून उभी. देखणी म्हणाल तर अजिबात नाही, पोट सुटलेलं. मी पातेलं वाजवलं, तिनं एक डोळा उघडला. पोटाखालनं गेले, गप्प. तेवढ्यात रस्त्यानं शेरडं आली, त्यातली दोन तिच्या पायांतनं पळाली, तरी गप्प. मग मी श्वास धरून पोरीला वर बसवलं. घोडीनं मान वळवली, पोरीच्या पायाचा वास घेतला आणि परत डोळे मिटले.

ही आत्ता माझ्या हातातनं गेली तर दुसरी बघायला दिवसच उरला नव्हता. बाजारात गडी करतात तसा मी पदर पुढं धरला आणि त्याखाली हात केला, की चाचानं बोटं धरावी आणि भाव करावा. चाचा दोन पावलं मागं सरकला.

"अरे बेटी, तेरे हात में मैं हात कैसा देऊं? मुँह से बोल ना."

मी तोंडानं बोलले. त्यानं तोंडानं सांगितलं. पेरूवालीसकट सगळ्यांनी ऐकलं, आणि काही बिघडलं नाही. मी कमरेचे पैसे काढायला लागले तर चाचा म्हणाला, "ठैर. पैले ये देख. बाद में बद्दुआ नक्को देना." त्यानं घोडीच्या डोळ्यावर आलेली आयाळ बाजूला केली. उजव्या डोळ्याच्या बरोबर खाली केसांचा भोवरा होता.

आसूढाळ. डोळ्याखाली भोवरा असला की ते जनावर मालकाला रडवतं, घरात मयत आणतं, असं म्हणतात. म्हणूनच तिला कुणी घेत नव्हतं. मी दहावीपर्यंत शाळा शिकले, पण भोवरा मी मानते. लहानपणापासून ऐकलेलं असं झटकून टाकता येत नाही. आणि वर माझी एकुलती एक पोर बसली होती, आयाळीत बोटं घालून. चाचा म्हणाला, मेरे कू तो कुछ नै हुआ, पर तुमारे लोगां मानते. मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. एकीकडं त्या भोवऱ्याची भीती आणि एकीकडं घरी लावलेल्या एका जाळीची भीती. जाळीची भीती मोठी निघाली. मी पैसे मोजून दिले.

बायपासनं चालत आणली. एका टँकरनं अगदी कानाशी हॉर्न दिला, माझीच बोबडी वळली, ती मात्र कडेला सरून थांबली आणि टँकर गेल्यावर आपणहून चालायला लागली. पोर तिच्या मानेवर डोकं टेकून झोपली होती. त्या घडीला मला वाटलं, आता काय व्हायचं ते होवो, ही माझी.

दारात आले तसे दीर आधी घोडीच्या तोंडाकडंच गेले. डोळ्याखाली बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. "माय, तिला सांग, ही घोडी वाड्यात येणार नाय." बस, एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. जाऊबाईंनी आपली घोडी पलीकडच्या लिंबाला नेऊन बांधली. आत्याबाई येता-जाता माझ्या घोडीकडं बघायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. मी ठरवलं होतं, निघायच्या दिवशी गुपचूप ओळीत लागायचं. हाकलतील तेव्हा बघू.

निघायचा दिवस उगवला. सगळ्या घोड्या भरून ओळीत उभ्या राहिल्या. मीही माझी भरली, पोरीला वर बांधलं आणि शेवटाला जाऊन उभी राहिले. दीर ओळीच्या टोकापासून चालत मागं आले. या वेळी ते सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं बोलले. "माय, ही घोडी ओळीत नको. घाटात कुणाचं काय बरंवाईट झालं तर? तिला सांग, पोरीला उतरव आणि घरी ऱ्हा."

दावं मी इतकं घट्ट धरलं होतं की हाताला वळ उठले. आता आत्याबाई मला सांगणार आणि मी पोरीची गाठ सोडणार, एवढंच राहिलं होतं.

आत्याबाई माझ्याकडं आल्याच नाहीत. त्या लेकाकडं वळल्या.

"तुझा भाऊ गेला तवा दारात कोणची घोडी व्हती?"

दीर पायातली वहाण नीट करायला वाकले. आत्याबाईच पुढं म्हणाल्या,

"देवमणाची व्हती. गळ्यावरचा शुभ भोवरा बघून तूच आणलीतीस, घराची भरभराट व्हईल म्हणून. माझा लेक गेला का ऱ्हायला?"

त्या थोरल्याच्या घोडीजवळ गेल्या, तिच्यावरचं आपल्या वाकळीचं बोचकं सोडलं, काखेत मारून माझ्याजवळ आल्या आणि घोडीच्या पाठीवर टेकवलं. "बांध," मला म्हणाल्या. "मी हिच्या बिऱ्हाडात हाय. दोघीजणी हावत, आता कोण म्हणतं बघू बिऱ्हाड नाय."

दीर वळले, कळपात शिरले, आणि त्यांनी तांबड्या ठिपक्याची मेंढरं एकेक करून बाहेर हाकायला सुरवात केली. मी बोचकं बांधत होते, पण गाठ दिसेना, डोळे भरून आले होते. मी झटकन घोडीच्या पलीकडच्या अंगाला गेले आणि तिच्या पोटाआड तोंड लपवून रडले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बघा, आसूढाळ आत्ताशी ओळीत आली नाही तर झालं मालकिणीचं रडणं सुरू.